फडा मोडला की रुजतो

गच्चीवरच्या एका कुंडीत पांढरं काहीतरी दिसलं तेव्हा मला वाटलं, कापूस चिकटलाय. अकोल्यात दिवाळीनंतर जिनिंगकडे जाणाऱ्या गाड्यांमधून कापूस उडतच असतो. तो विजेच्या तारांवर, बाभळीवर, दुचाकीच्या आरशावर, कुठंही अडकतो. निवडुंगाच्या काट्यात अडकला असेल, म्हणून मी बोटानं पुसायला गेलो. तो पुसला गेला नाही, चिरडला गेला. आणि माझं बोट लाल झालं.

काटा टोचला असेल म्हणून बोट धुतलं. जखम नव्हती. पुन्हा एक पांढरा पुंजका चिरडला, पुन्हा तोच गडद, किरमिजी रंग. रक्तापेक्षाही लाल.

त्याच आठवड्यात गावाहून काका आले होते. दर्यापूर तालुक्यात आमचं थोडं वावर आहे, ते काका बघतात. चहा पिऊन ते गच्चीवर आले, माझ्या पन्नास-साठ कुंड्यांकडे जरा वेळ पाहिलं आणि म्हणाले, "हे सारं शोभेचं ठेवून काय करतं बाप्पा? दोन-चार फडे मले दे. धुऱ्यावर लावतो. रोह्यायनं अन् डुकरायनं नाकी नऊ आणले."

वऱ्हाडातल्या कुठल्याही शेतकऱ्याला विचारा, तो हेच सांगेल. तूर फुलावर आली की रोही येतात, हरभरा घाट्यावर आला की रानडुकरं. लोक वावराभोवती जुन्या साड्या बांधतात, रात्री फटाके फोडतात, झटका मशीन लावतात, कर्ज काढून तारेची जाळी घेतात. काकांची मागणी साधी होती. फुकटचं, काटेरी, पाणी न मागणारं कुंपण. मी हो म्हणायच्या बेतात होतो. पण बोटाला लागलेला रंग डोक्यातून जात नव्हता. तो कुठून आला हे शोधायला बसलो आणि दोनशे-सव्वादोनशे वर्षं मागे गेलो.

*

आधी थोडं तुकड्याबद्दल, कारण पुढचा सगळा इतिहास त्यावरच उभा आहे.

मी सॉफ्टवेअरवाला. कंपनी पुण्यात, मी अकोल्यात, घरून काम. लॉकडाऊनमध्ये एका मित्रानं वर्तमानपत्रात गुंडाळून निवडुंगाचा एक फडा दिला होता. फडा म्हणजे निवडुंगाचा तो हिरवा, चपटा, तळहातासारखा भाग. आपण त्याला पान समजतो. खरं तर ते खोड आहे. पानांचे काटे झालेत. प्रत्येक काट्याच्या बुडाशी एक बारीक लोकरी ठिपका असतो. सगळी गंमत त्या ठिपक्यात आहे. ठिपका हवेत राहिला तर त्यातून नवा फडा किंवा फूल येतं, मातीत गेला तर तिथून मुळं फुटतात. एका फड्यावर असे कितीतरी ठिपके असतात, म्हणजे एका फड्यात कितीतरी झाडं बसलेली असतात.

छाट कलम करायची पद्धत सोपी आहे, फक्त घाई करायची नाही. स्वच्छ सुरीनं फडा सांध्यावर कापायचा. हातमोजे पुरत नाहीत. मोठ्या काट्यांपेक्षा ती बारीक कुसळं जास्त त्रास देतात, म्हणून चिमटा किंवा वर्तमानपत्राची पट्टी वापरायची. कापलेला तुकडा लगेच लावायचा नाही. सावलीत, कोरड्या जागी आठ-दहा दिवस तसाच टाकून द्यायचा. कापल्या जागी खपली धरली पाहिजे. ओली जखम मातीत गेली की बुरशी शिरते आणि तुकडा कुजतो. माझे पहिले तीन तुकडे असेच गेले, कारण गुलाबासारखं मी त्यांना लावलं आणि वर तांब्याभर पाणी घातलं. आता निम्मी जाड वाळू, निम्मी माती-कंपोस्ट, बुडाला भोक असलेली कुंडी, आणि तुकड्याचा जेमतेम तिसरा भाग मातीत. पहिला आठवडाभर पाणी नाही. मग थोडं, माती पूर्ण वाळल्यावर पुन्हा थोडं. साधारण महिन्याभरानं हलकेच ओढून पाहायचं. तुकड्यानं माती धरून ठेवली असेल तर मुळं आली. आपल्याकडे दसऱ्यानंतर किंवा फेब्रुवारीत हे काम चांगलं होतं. पावसाळ्यात करू नये.

अकोल्याच्या पंचेचाळीस अंशांत हे झाड टिकतं कसं? ते रात्रपाळी करतं. बाकीची झाडं दिवसा पानांची छिद्रं उघडून हवेतला कार्बन डायऑक्साइड घेतात आणि त्याबरोबर पाणी गमावतात. निवडुंग दिवसा छिद्रं बंद ठेवतो. रात्री गारव्यात उघडतो, वायू आम्लाच्या रूपात साठवतो आणि दिवसा उन्हाच्या जोरावर त्यातून साखर बनवतो.

थोडक्यात, हे झाड मोडलं तर मरत नाही, त्याची दोन होतात. बी नको, पाणी नको, माळी नको. पोत्यात भरा, जहाजावर टाका, दोन महिन्यांनी काढा, तरी लागतं. ते जगभर गेलं ते असंच.

*

आजीला मी फडा दाखवला तेव्हा तिनं वेगळंच सांगितलं. "हा निवडुंग नोय. आमचा थोर असे, दूध निघे त्याच्यातून."

आजीची खूण अगदी शास्त्रशुद्ध आहे. झाडाला चीर द्या. पांढरं दूध आलं तर तो युफोर्बिया, म्हणजे थोर, शेर, त्रिधारी निवडुंग यांचं घराणं. दूध आलं नाही, नुसता पाण्यासारखा चिकट रस आला, तर तो कॅक्टस. दोघे दिसायला भाऊ वाटतात. दोघांनाही वाळवंटासारख्या कोरड्या जागी जगायचं होतं, म्हणून दोघांची अंगं सारखी झाली. नातं मात्र काही नाही. थोर आपल्याकडचा जुना. आयुर्वेदात त्याला स्नुही म्हणतात, चरक-सुश्रुतांच्या ग्रंथांत त्याच्या चिकाचा जुलाबासाठी वापर सांगितलेला आहे. कॅक्टसचं घराणं अमेरिका खंडातलं. कोलंबसाच्या आधी फड्या निवडुंग वऱ्हाडातच काय, भारतात कुठंच नव्हता. जो आज आपल्याला माळरानाचा मूळ रहिवासी वाटतो, तो परदेशातून आलेला पाहुणा आहे. आपल्या भाषेनं त्याला जुन्या झाडाचंच नाव देऊन घरात घेतलं.

तो आला का, याचं उत्तर माझ्या बोटावर होतं.

*

तो पांढरा कापूस म्हणजे एका किड्याचं मेणाचं पांघरूण. त्याच्या जातीचं नाव डॅक्टिलोपियस. मादीला पंख नसतात. ती फड्यात सोंड खुपसून जन्मभर एकाच जागी रस पीत बसते. मुंग्यांनी आणि इतर किड्यांनी खाऊ नये म्हणून तिच्या शरीरात कार्मिनिक आम्ल साठतं, आणि तेच लाल असतं. हा रंग म्हणजे कोचिनील.

मेक्सिकोतले लोक हे किडे फड्यांवर पाळायचे, अगदी कोंबड्या पाळाव्या तसे. सोळाव्या शतकात स्पॅनिश तिथं पोचले आणि त्यांना कळलं की युरोपातल्या कुठल्याही लाल रंगापेक्षा हा रंग भारी आहे. मग वाळवलेल्या किड्यांची पोती जहाजांतून युरोपात जाऊ लागली. मेक्सिकोतून जाणाऱ्या मालात चांदीच्या खालोखाल किंमत या किड्यांची होती. एका पौंडाला सुमारे ७०,००० किडे लागतात. हे बी आहे की किडा आहे, हेच स्पेननं बराच काळ बाहेर कळू दिलं नाही.

मराठीतला 'किरमिजी' हा शब्दही किड्यापासूनच आलाय. तो फारसीतून आला, आणि अभ्यासक त्याचं मूळ आपल्या 'कृमि' शब्दाच्या कुळात शोधतात. जुन्या जगातही लाल रंग देणारे किडे होते, आपल्याकडची लाख त्यातलीच. इंग्रजीतले क्रिमसन आणि कार्माइन हे शब्दही याच घरातले. आजही स्ट्रॉबेरीच्या दह्याच्या किंवा लिपस्टिकच्या पाकिटावर 'ई१२०' दिसलं तर तो हाच किडा.

आता ईस्ट इंडिया कंपनीच्या जागी उभं राहून पाहा. ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्यांचे लालभडक डगले कोचिनीलनं रंगायचे आणि त्यासाठी स्पेनला पैसे मोजावे लागायचे. मद्रासमध्ये कंपनीचे एक डॉक्टर होते, जेम्स अँडरसन. १७८६ मध्ये त्यांनी लंडनमधले वनस्पतिशास्त्रज्ञ जोसेफ बँक्स यांना कळवलं की मद्रासेत कोचिनीलसारखा किडा सापडलाय. तो खरा कोचिनील निघाला नाही, पण कल्पना पेटली. सैदापेठेत फड्या निवडुंगाची खास बाग उभी राहिली. तिला मेक्सिकन शब्दावरून 'नोपालरी' म्हणत. ठिकठिकाणी फडे लावले गेले. चारा तयार होता, आता फक्त किडा हवा होता. खरा किडा आणणाऱ्याला कंपनीनं २,००० पौंडांचं बक्षीस लावलं.

१७९५ मध्ये कॅप्टन नीलसन नावाच्या लष्करी अधिकाऱ्यानं ब्राझीलच्या रिओ दि जानेरो बंदरातून किडे असलेले फडे कलकत्त्याला आणले. किडे जगले, वाढले, आनंदीआनंद झाला. पण नीलसननं आणलेली जात चुकीची होती. मेक्सिकोतला पाळीव किडा अंगानं मोठा आणि रंगानं भरलेला; हा त्याचा रानटी भाऊ, रंग कमी, मेण जास्त. आणि खादाड. ज्या फड्या निवडुंगाची लागवड केली होती, नेमका तोच त्याचा आवडता. उत्तर भारतात काही वर्षांतच त्यानं तो निवडुंग फस्त केला. रंगाचा धंदा जागीच बसला.

प्रॉडक्शनमध्ये चुकीची फाइल टाकली की काय होतं ते मला माहीत आहे. पण तिथं मागे जाता येतं. इथं मागे जायची सोय नव्हती.

*

रंग गेला, तरी निवडुंगाच्या बाकीच्या जाती राहिल्या. त्यांना हा किडा खात नव्हता. आणि लोकांच्या लक्षात आलं होतं की हे झाड कुंपण म्हणून झकास आहे. ढोर शिरत नाही, शेळी तोंड लावत नाही, तुटलेला तुकडा जिथं पडतो तिथं खिंडार बुजवतो.

हे इंग्रज सरकारच्याही लक्षात आलं. मिठावर कर होता आणि तो वेगवेगळ्या प्रांतांत वेगवेगळा होता. स्वस्त मीठ चोरून इकडून तिकडे नेलं जाऊ नये म्हणून सरकारनं देशाच्या मधोमध जकातीची एक लांबलचक रेषा आखली आणि तिच्यावर कुंपण उभं केलं. सिंधूकाठच्या लय्यापासून खाली बुऱ्हाणपूरपर्यंत. बुऱ्हाणपूर म्हणजे आपल्या बुलढाण्याच्या शेजारचं गाव. बाभूळ, बोर, करवंद, थोर आणि फड्या निवडुंग, जिथं जे जगेल ते लावलं. चांगलं वाढलं तिथं हे कुंपण आठ ते बारा फूट उंच होतं. ते वाढवण्यात ज्यांनी सर्वांत जास्त डोकं घातलं ते जकात आयुक्त म्हणजे ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूम. होय, पुढे १८८५ मध्ये काँग्रेस स्थापन करण्यात पुढाकार घेणारे तेच. त्यांच्या काँग्रेसचं अधिवेशन १८९७ मध्ये आपल्या अमरावतीत भरलं, शंकरन नायर अध्यक्ष होते. १८७९ मध्ये सरकारनं ही रेषा बंद केली आणि कुंपण वाळून, जळून, तुटून नाहीसं झालं. इतकं नाहीसं की रॉय मॉक्सहॅम या इंग्रज लेखकाला त्याचे अवशेष शोधायला विसाव्या शतकाच्या शेवटी भारतभर वणवण करावी लागली.

कुंपण गेलं, कर मात्र राहिला. आमच्या भागाला हे मीठ वेगळ्या अर्थानं माहीत आहे. पूर्णाकाठचा आमचा पट्टा खारपाणपट्टा. विहीर खणली की खारट पाणी. अकोला तालुक्यातल्या दहीहंड्याला असंच खारं पाणी आहे. १९३० साली गांधीजी दांडीला गेले तेव्हा वऱ्हाडातल्या लोकांना समुद्र कुठून मिळणार? ब्रिजलाल बियाणी आणि इतर कार्यकर्ते दहीहंड्याला गेले आणि तिथल्या खाऱ्या पाण्यापासून मीठ करून त्यांनी कायदा मोडला. समुद्रापासून शेकडो किलोमीटर आत मिठाचा सत्याग्रह झाला तो असा. जे पाणी पिकाला चालत नाही म्हणून काका रोज शिव्या घालतात, त्यानं एकदा एवढं मोठं काम केलंय.

मी काकांना हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "म्हंजे इंग्रजानं बी कुंपणच केलं ना? मंग मी कराले काय झालं?"

बरोबर होतं त्यांचं. पण गोष्ट अजून संपली नव्हती.

*

कुंपणाला हद्द कळते, निवडुंगाला कळत नाही. फळं पाखरं खातात आणि बिया लांब टाकतात. पुराच्या पाण्यातून फडे वाहत जातात. ढोराच्या पायाला अडकून एक तुकडा पुढच्या शिवारात पडतो आणि तिथं नवं बेट सुरू होतं. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटापर्यंत दक्षिण भारतात आणि दख्खनमध्ये चराऊ कुरणं, पांदणी, पडीक वावरं फड्यानं गिळायला सुरुवात केली. तोडलं तर वाढायचं. पुरलं तर उगवायचं. तोडणारा माणूस नकळत लावणीच करत होता.

याचं सर्वांत भयंकर रूप ऑस्ट्रेलियात दिसलं. १७८८ साली तिथं पोचलेल्या पहिल्या ब्रिटिश ताफ्यानंही वाटेत रिओला थांबून फडे आणि किडे घेतले होते. त्याच रंगासाठी, नीलसन ज्या बंदरातून आला त्याच बंदरातून. पुढे आणखी एक जात शोभेची आणि कुंपणाची म्हणून आली. १९२५ च्या आसपास तिथं सुमारे २ कोटी ४० लाख हेक्टर जमीन निवडुंगाखाली गेली होती. म्हणजे महाराष्ट्राच्या तीन चतुर्थांशाहून जास्त. माणसं शेतं सोडून गेली. शेवटी अर्जेंटिनातून कॅक्टोब्लास्टिस नावाच्या पतंगाची अंडी आणली. त्याच्या अळ्यांनी सात-आठ वर्षांत निवडुंग आतून पोखरून खाली पाडला. क्वीन्सलँडमधल्या बुनार्गा गावच्या शेतकऱ्यांनी १९३६ मध्ये या पतंगाच्या नावानं सभागृह बांधलं. कीटकासाठी बांधलेलं सभागृह मी तरी दुसरं ऐकलेलं नाही.

पण हा उपाय सुचला कुठून? त्याचा एक धागा भारतात आहे. नीलसनच्या चुकीच्या किड्यानं उत्तर भारतात निवडुंग साफ केला, हे लोकांनी पाहिलं होतं. तोच किडा मग मुद्दाम दक्षिणेत नेला आणि १८६० च्या दशकात श्रीलंकेत. तण मारायला कीटक मुद्दाम सोडायचा आणि त्यात यश मिळवायचं, याचं जगातलं पहिलं उदाहरण म्हणून हेच सांगितलं जातं. ऑस्ट्रेलियानं उपाय शोधायला शास्त्रज्ञ जगभर पाठवले ते १९१२ ते १९१४ मध्ये भारतातही येऊन गेले.

आपल्याकडे उरलेल्या निवडुंगावर तोड मिळाली १९२६ मध्ये. त्या वर्षी श्रीलंकेतून कोचिनीलची दुसरी जात दक्षिण भारतात आणली. हिला उरलेल्या जाती आवडत होत्या. तिचा प्रसार कसा केला? किडे लागलेला फडा तोडायचा आणि निरोगी बेटावर नेऊन ठेवायचा. बस. दीडशे वर्षं ज्या पद्धतीनं निवडुंग पसरला, त्याच पद्धतीनं त्याचं मरण पसरलं, तुकड्या-तुकड्यानं, हातोहात. पाच-सहा वर्षांत हजारो हेक्टर जमीन मोकळी झाली.

आजीला तिच्या आईनं सांगितलेलं एक वाक्य आठवतं. "पांढरं लागलं का समज, फडा गेला." ती लहानपणापासून हे वाक्य ऐकत आली, पण ते पांढरं म्हणजे काय हे तिला माहीत नव्हतं. मी तिला गच्चीवर नेलं, एक किडा चिरडून दाखवला. तिनं माझं बोट हातात धरून बराच वेळ पाहिलं. मग म्हणाली, "कुंकवासारखं हाये रे."

माझ्या कुंडीतला किडा बहुधा त्या १९२६ च्या पाहुण्यांचाच वंशज. कोणीतरी रस्त्याकडेचा फडा मला आणून दिला, त्याच्याबरोबर तोही आला.

*

आता निवडुंग पुन्हा येतोय, या वेळी सरकारी पाठिंब्यानं. याला काटे नाहीत. अमेरिकेत ल्यूथर बरबँक या रोपतज्ज्ञानं विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बिनकाट्याच्या निवडुंगाची जोरदार जाहिरात केली होती, तेव्हापासून हे स्वप्न अधूनमधून डोकं वर काढतं. मध्य प्रदेशात सीहोरजवळ अमलाहाला 'इकार्डा' ही आंतरराष्ट्रीय संस्था, झाशीची गवत व चारा संशोधन संस्था, जोधपूरची 'काझरी' अशा ठिकाणी त्यावर काम चालू आहे. कोरडवाहू जमिनीत उन्हाळ्यात ढोरांना हिरवा, पाणीदार चारा मिळावा, हा हेतू. हेतू उत्तम आहे. मे महिन्यात कडब्याचा भाव पाहिलेला माणूस त्याला नावं ठेवणार नाही.

पण दोन गोष्टी गच्चीवर शिकल्यात त्या सांगतो. बिनकाट्याचा गुण बियांतून भरवशानं उतरत नाही; बी पेरलं तर काटे परत येऊ शकतात. म्हणून त्याची लागवड तुकड्यांनीच करतात. तुकडा म्हणजे हुबेहूब प्रत. शंभर एकरांवर लावलेली ती सगळी झाडं एकच झाड असतं. एकाला जे आवडलं नाही ते कोणालाच आवडत नाही, एकाला जो मारतो तो सगळ्यांना मारतो. दुसरी गोष्ट, मारणारा आपल्याकडे आधीच हजर आहे. मोरोक्कोत गावोगावी निवडुंगाची कुंपणं होती. फळं विकून बायका घर चालवायच्या. २०१४ च्या सुमारास तिथं हाच कोचिनील पोचला, आपल्याकडे १९२६ मध्ये मुद्दाम आणला तोच. पाहता पाहता कुंपणंच्या कुंपणं पांढरी पडून कोसळली. नंतर तिथल्या संशोधकांनी किडा न लागणाऱ्या काही जाती निवडून लावायला घेतल्या. आपल्याकडे बिनकाट्याचे फडे वाटताना 'याला पांढरं लागतं का?' हा प्रश्न शेतकऱ्यानं पहिल्यांदा विचारला पाहिजे.

एकच झाड कधी रंगासाठी हवं होतं, कधी मिठाच्या पहाऱ्यासाठी. मग ते नकोसं झालं, आणि आता चाऱ्यासाठी पुन्हा हवंय. प्रत्येक वेळी कोणीतरी तुकडा लावला आणि पुढचं पुढे बघू म्हणाला. झाडाची चूक कुठंच नव्हती. ते फक्त मोडलं की रुजत होतं.

*

मग काकांना काय दिलं?

फड्या निवडुंग दिला नाही. काका थोडे नाराज झाले. मी त्यांना किडा दाखवला, म्हटलं, हे असं लागलं तर दोन वर्षांत कुंपण खाली, आणि नाही लागलं तर शेजाऱ्याच्या वावरात. शेजाऱ्याशी आधीच धुऱ्यावरून वाद आहे, तो मुद्दा त्यांना इतिहासापेक्षा लवकर पटला.

त्याऐवजी आजीच्या सांगण्यावरून थोर लावायचं ठरलं. गावातल्याच एका जुन्या पडक्या वाड्यामागं दोन मोठी झाडं होती. फेब्रुवारीतल्या एका रविवारी मी आणि काका तिथून हातभर लांबीचे चाळीस तुकडे काढून आणले. चीक डोळ्यात गेला तर डोळ्याला मोठी इजा होते, म्हणून माझा हेल्मेटचा काच खाली आणि काकांचा दुपट्टा तोंडावर. चीक धुऊन टाकला, तुकडे गोठ्याच्या सावलीत दहा दिवस वाळवले, आणि पूर्वेच्या धुऱ्यावर फूट-फूट अंतरानं लावले.

"रोही थांबन याच्यानं?" काकांनी विचारलं.

"या वर्षी नाही. तीन-चार वर्षांनी, दाट झाल्यावर थांबेल थोडा. डुकरं खालून शिरतील, त्यांच्यासाठी जाळीच लागेल."

"तीन-चार वर्षं," काका म्हणाले. तूर दर वर्षी येते, कर्जाचा हप्ताही दर वर्षी येतो. त्यांच्याकडे तीन-चार वर्षं नसतात, हे त्यांनाही माहीत होतं आणि मलाही. उरलेल्या तीन बाजूंना साड्या आहेत तशाच आहेत. चाळीसपैकी एकतीस तुकड्यांनी धरलंय, बाकीचे पुन्हा लावायचेत.

माझा फडा कुंडीतच आहे. किडे मी टूथब्रशनं आणि साबणाच्या पाण्यानं काढले. दर आठवड्याला बघतो, एखादा पुंजका सापडतोच. आणि एक सवय बदलली. पूर्वी छाटलेले जास्तीचे तुकडे मी गच्चीवरून मागच्या रिकाम्या प्लॉटमध्ये टाकून द्यायचो, कारण वाळूनच जातील असं वाटायचं. परवा खाली उतरून पाहिलं. गाजरगवतात, प्लास्टिकच्या पिशव्यांच्या मधे, चार फडे मातीला घट्ट धरून उभे होते. दोघांना नवी पालवी होती. तुम्हीही घरी निवडुंग लावत असाल तर छाटलेले तुकडे नाल्यात, माळावर, रिकाम्या जागेत टाकू नका. उन्हात कडक वाळवा, नाहीतर ज्याला कुंडीत हवाय त्याच्या हातात द्या.

ते चार मी उपटून आणले. एक मित्राला दिला, वर्तमानपत्रात गुंडाळून. देताना सांगितलं, दहा दिवस वाळव, पाणी घालू नकोस, आणि पांढरं दिसलं तर आधी मला फोन कर.